आसरांवरचा आळ

भोरमध्ये आमच्या आळीत चारचाकी चालवणारी बाई मी एकटीच. बँकेतून निवृत्त झाल्यावर शिकले आणि पस्तावले. एरवी माझ्या तोंडाला सगळे भितात, पण कुणाला पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं झालं की आळीला माझी आठवण येते. शेजारची लताही अशीच एका सकाळी दारात येऊन उभी राहिली, चौकटीला धरून. धाप ओसरल्याशिवाय तिला बोलता यायचं नाही, म्हणून मी भाजी निवडत वाट बघितली.

"काकू, पुण्याला जायचंय. डाक्टर बघायला."

"बघायला की दाखवायला?"

"बघायला. मला दाखवायच्या आदी मी त्याला बघनार हाय."

लता डबे करते. कचेरीतले, बँकेतले, शाळेतले जेवढे एकटे जीव भोरात राहतात, तेवढे तिच्या हातचं खाऊन जगतात. वय त्रेचाळीस, वजन सव्वाशेच्या घरात. नसरापूरला शेअर रिक्षावाला तिला बघून आधीच सांगतो, ताई, दोन सीटं धरावी लागतील. ती हसून हो म्हणते आणि घरी आल्यावर तासभर कुणाशी बोलत नाही. साखर होतीच, गुडघे गेले होते, आणि झोपेत श्वास अडकायचा. नवरा गोरख टेम्पो चालवतो. दिवसभर गाडी आणि रात्री बायकोला हलवून जागं करायचं, असं त्याचं चाललं होतं. पथ्य झालं, गोळ्या झाल्या, चालणं गुडघ्यांनी होऊ दिलं नाही. शेवटी आमच्या भोरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की पोटाची पिशवी लहान करायचं ऑपरेशन करून घे, नाहीतर एक दिवस झोपेतून उठणार नाहीस.

दुसरी कुणी असती तर लगेच तयार झाली असती, किंवा लगेच नाही म्हणाली असती. लताला दोन्ही करता येईना, कारण तिच्या आधी हौसाचं झालं होतं.

हौसा तिची थोरली बहीण. दोघी मूळच्या हिर्डोशीच्या. हौसाला शिवऱ्याला दिली होती, हायवेच्या कडेला नवऱ्याचं मिसळ-वड्याचं हॉटेल होतं. अंगाने तीही लतासारखीच. तीन वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात वजन घटवण्याचं शिबिर भरलं. मोठा पडदा, बारीक झालेल्या बायकांचे फोटो, चहा-बिस्किटं, आणि आठवड्याच्या आत नाव नोंदवलं तर सवलत. हौसाने तिथल्या तिथे नाव दिलं. साडी घ्यायला चार दुकानं पालथी घालणारी बाई, पोट कापून घ्यायला पहिल्याच दुकानात बसली.

ऑपरेशन चांगलं झालं, हे मी मुद्दाम सांगते, कारण आळीत आजही लोक म्हणतात की लताची बहीण ऑपरेशनने गेली. टाके सुकले, वजन भराभर उतरलं. हौसा नवा ब्लाऊज शिवून लताला दाखवायला आली होती, मी तिला तेव्हा पाहिलंय. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून दाखवत होती. मग उलट्या लागल्या. पाणी घेतलं तरी उलटी. शिबिराआधी ज्या नंबरवरून दिवसातून दोनदा फोन यायचे तो लागेना, आणि लागला तर तिकडून उत्तर यायचं, होतं असं, हळूहळू खा. गरज सरो, वैद्य मरो असं आपण म्हणतो. इथे वैद्याचीच गरज सरली होती.

पुढे हौसा चालताना भेलकांडायला लागली. डोळे एका जागी ठरेनात. विश्रांतीला म्हणून तिला माहेरी आणलं, तर ती घरच्यांना ओळखेना आणि दाराकडे बघून म्हणायची, "ये की आत. भायेर का हुबी?"

दारात कुणी नसायचं. हिर्डोशीच्या खाली धरणाचं पाणी पसरलंय. हौसा माहेरी आली त्या दिवशी तिथे पाय धुवायला उतरली होती. तिची आई बनाबाई हिने हे सगळं एकत्र केलं आणि तिला कारण सापडलं. आसरा लागल्या.

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. एखादी बाई त्यांच्या मनात भरली की तिला धरतात, तिच्या तोंडून बोलतात, तिचे पाय पाण्याकडे ओढतात. त्या बाजूला हे कुणी कुणाला शिकवत नाही. पोरीबाळी पाण्यात पाय घालण्याआधी हात जोडतात, तेवढं पुरतं. वेल्ह्याकडच्या एका भगताला दाखवलं, त्यानेही तांदूळ बघून आसराच सांगितल्या. मग पाण्यावर ओटी भरली, सात हिरव्या बांगड्या, दहीभाताचा निवद. हौसाला दोन्हीकडून धरून पाण्याकाठी बसवलं होतं. पुढच्या अमावास्येला परत आणा, असं भगताने सांगितलं होतं. हौसा तोवर राहिली नाही.

लताला हौसा दिसते, हे मला पहिल्यांदा गाडीत कळलं. आम्ही पहिल्या डॉक्टरकडे निघालो होतो. शिवरं जवळ आलं तशी ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काकू, ती बघा. पाटीखाली."

हौसाच्या नवऱ्याने हॉटेल बंद करून जागा पंक्चरवाल्याला दिली होती. जुनी पाटी मात्र तशीच होती. तिच्याखाली कुणी नव्हतं, एक कुत्रं झोपलेलं होतं.

"रोज दिसते?"

"न्हाई. भाकऱ्या करताना पाठीमागं हुबी ऱ्हाती. वळून बगितलं की दारात जाती. आत येत न्हाई."

मी असलं काही मानत नाही. बत्तीस वर्षं बँकेत काढली, मेलेल्या माणसांच्या खात्यांशी माझा रोजचा संबंध होता, त्यातलं कुणी कधी काउंटरला आलं नाही. लताला मी हे सांगितलंही. पण तेव्हा गाडी मी गरजेपेक्षा जोरात पळवली, एवढं खरं.

पहिला दवाखाना हॉटेलसारखा होता. एक गोड बोलणारी मुलगी लॅपटॉप घेऊन बसली आणि पॅकेजं सांगायला लागली. डॉक्टर आले, आम्ही हजारो केस केल्यात म्हणाले, आणि चहा निवायच्या आत गेले. लताने त्या मुलीला एकच प्रश्न विचारला.

"ऑपरेशन झाल्यावर उलट्या लागल्या, आन बाई येड्यावानी बोलाय लागली, तर फोन कोन उचलनार?"

"काही टेन्शन घेऊ नका मॅडम, असं काही होत नाही."

लता उठली. तिच्या मागोमाग मीही उठले. भिंतीवर बारीक झालेल्या बायकांचे फोटो होते, ती ते न बघता बाहेर पडली.

दुसरे डॉक्टर वयस्क, नावाजलेले. मला आवडले, कारण त्यांनी गोड बोलायचा प्रयत्न केला नाही. तोच प्रश्न त्यांनी नीट ऐकला आणि म्हणाले, "बाई, मी ऑपरेशन करतो. ते चांगलं करतो. पुढचं खाणंपिणं, तक्रारी, हे तुमच्या गावच्या डॉक्टरांनी बघायचं." मी म्हटलं, झालं, हाच माणूस. जिना उतरताना लताने दोनदा कठडा धरला.

"हात चांगला हाय," ती म्हणाली. "पन हात ऑपरेशनपुरताच."

"तू काय स्थळं बघतेयस? मुलगा चांगला, पण घर नको?"

"व्हय काकू. नांदायचं तर घरातच असतंय."



तिसऱ्या ठिकाणी बाहेरची खोली बोलणाऱ्या माणसांनी भरली होती. ऑपरेशन होऊन वर्ष-दोन वर्षं झालेले लोक तिथे महिन्यातून एकदा जमतात. एक शिक्षक आपले केस गळाल्याचं रडगाणं गात होते, एक बाई लग्नात पंगतीला बसून चार घास कसे खायचे ते दुसरीला समजावत होती. लता त्यांच्यात तासभर बसली. कुणी तिला काही विकत नव्हतं. नंतर आत बोलावलं. डॉक्टर प्रद्युम्न म्हणून सडसडीत, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी तारीख दिली नाही. आधी हृदय तपासा, श्वासाचं मशीन लावून झोपायला शिका, आहारतज्ज्ञ अश्लेषा मॅडमना भेटा, मनाच्या डॉक्टरांना भेटा. मग त्यांनी विचारलं, घरी बघायला कोण आहे?

नवरा टेम्पोवर, मुलगी श्रावणी पुण्याला वसतिगृहात. "आई यील," लता म्हणाली.

"मग आईंना आणा. घरी जे राहणार त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी ऑपरेशन करत नाही."

तेव्हा लताने तिचा प्रश्न काढला. एक बाई होती, अशी सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला ती बाई बहीण झाली. डॉक्टरांनी मध्ये मध्ये विचारलं, उलट्या किती दिवस? चालताना तोल जायचा? डोळे हलायचे? सगळ्याला लता हो म्हणाली.

"मी त्यांना पाहिलेलं नाही, त्यामुळे शपथेवर सांगणार नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही सांगताय ते बी-वन जीवनसत्त्व संपल्याचं लक्षण आहे. शरीरात त्याचा साठा थोडाच असतो. उलट्या थांबल्या नाहीत की तो संपतो आणि मग मेंदूवर येतं. माणूस भ्रमिष्टासारखं बोलतं."

"मग काय करायचं असतंय?"

"इंजेक्शन. वेळेत दिलं तर बहुतेक वेळा माणूस सावरतो."

"लई मोठं असतंय का ते? पुण्यातच घावतंय?"

"नाही हो. साधं आहे. भोरलाही मिळेल."

लताने मान डोलावली, पदर सारखा केला, डॉक्टरांना नमस्कार केला. गाडीत बसल्यावर पट्टा लावून घेतला. नसरापूरच्या फाट्याला, जिथून वेल्ह्याचा रस्ता फुटतो, तिथे ती म्हणाली, गाडी थांबवा. मला वाटलं तिला मळमळतंय.

"आईनं नुस्तं आसरा म्हनलं हुतं," ती त्या रस्त्याकडे बघत म्हणाली. "नेली म्या. दाजी तिला परत पुण्याला न्यायला निघालं हुतं, गाडी भायेर काढली हुती त्यांनी. म्या आडवी झाले. म्हनलं, डाक्टरनं केलं तेवढं बास झालं, आदी देवाचं बघू. आन ह्या रस्त्यानं भगताकडं नेली. मांडीवर निजवली हुती तिला, काकू. निम्मंबी वजन ऱ्हायलं न्हवतं तिच्यात."

हायवेवरून ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकला गाडी हलायची.

"आसरांनी नेली म्हनून जगत हुते मी. आता म्या नेली, असं झालं की."

  तिच्या हातावर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही. मला त्या भगताचा, त्या शिबिरवाल्यांचा आणि हिचाही राग आला होता, आणि दया तर इतकी आली होती की रडू फुटलं असतं. मी गाडी सुरू केली.

त्यानंतर लताने डॉक्टरांचं नाव काढलं नाही. डबे चालू होते. भाकरी थापण्याचा आवाज माझ्या भिंतीतून येतो. तो मध्येच थांबायचा, आणि मला कळायचं की ती मागे वळून बघतेय. ती आता बसून झोपायला लागली होती. दिवाळीच्या सुट्टीत श्रावणी आली, आईजवळ झोपली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन ढसाढसा रडली. आईचा श्वास मधे बंद होतो काकू, म्हणाली, मी मोजत बसते, परत येतो की नाही म्हणून. मी तडक लताकडे गेले.

"करायचंय," लता म्हणाली. "पन त्या दुसऱ्या म्हाताऱ्या डाक्टरकडं करू. त्याचा हात चांगला हाय."

"का? तिसरा पसंत होता ना?"

ती तवा घासत राहिली. मग म्हणाली, "तो आईला बोलवतो."

आता मला कळलं. बनाबाई दर अमावास्येला पाण्यावर जाते. सात बांगड्या सात बहिणींच्या, आणि आठवी हौसाची. तिच्या मनाने हौसा मेली नाही, त्या सातजणींनी तिला ठेवून घेतली. पाण्याकाठी बसून ती मुलीशी बोलते, घरचं सांगते, तिचं बरं चाललंय असं वर येऊन शेजारणींना सांगते. डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसली की तिला कळणार, की हौसा पाण्यात नाही. एक सुई चुकली म्हणून ती गेली.

"आईची पोरगी दुसऱ्यांदा मारू का मी?" लता म्हणाली.

मला राग आला. खरं तर मला दया आली की राग येतो, माझा स्वभावच तसा.

"बरं, नको सांगूस. त्या म्हाताऱ्याकडे ऑपरेशन करून घे. घरी तुझ्याजवळ तुझी आई असेल. तुला उलट्या लागल्या, तू भेलकांडलीस, दाराकडे बघून बोलायला लागलीस, तर आई तुला कुठे नेईल?"

 मी घरी आले आणि कढी उतू गेली ती पुसत बसले. सकाळी लता दारात आली, चौकटीला धरून.

"पान्यावर," ती म्हणाली. "पान्यावर नेईल. हिर्डोशीला चला काकू, आईला आनू."

बनाबाई नऊवारी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन अश्लेषा मॅडमच्या समोर बसली. मॅडम वयाने लहान होती, पण सांगायची पद्धत चांगली. पहिले दिवस पातळ, मग मऊ, घोट घोट पाणी, गोळ्या जन्मभर. बनाबाई प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणत होती. मग मॅडम म्हणाली, "आता आजी, हे नीट ऐका. उलट्या थांबत नाहीत, चालताना भिंत धरावी लागते, डोळे ठरत नाहीत, बोलण्यात घोटाळा होतो, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. लगेच मला फोन."

बनाबाईचं व्हय आलं नाही. तिने लताकडे पाहिलं. लता खाली बघत होती.

"ह्ये तर आमच्या हौसाचं झालं," बनाबाई म्हणाली.

मग ती मॅडमकडे वळली.

"ह्याला सुई असती?"

"असते, आजी."

"भोरात मिळती?"

"मिळते."

बनाबाईने पिशवीचे बंद एकमेकांत गुंतवले, सोडले, पुन्हा गुंतवले. "मंग त्या बायांनी न्हाई केलं," ती म्हणाली. अश्लेषा मॅडमने विचारलं, कुठल्या बाया? आम्ही तिघींनीही सांगितलं नाही.

परतताना शिवरं आलं. बनाबाई पाटीकडे मान वळवून बघत राहिली, पाटी मागे जाईपर्यंत. लता पुढच्या सीटवरून, मागे न बघता म्हणाली, "आई, दाजी तिला पुण्याला नेत हुते. म्या आडवलं."

"ठावं हाय मला. तू आडवी झालीस, आन म्या म्हनलं, बरं केलंस."

 भोर येईपर्यंत मी आरशात बघायचं टाळलं.

ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. डॉक्टर प्रद्युम्न यांनी त्याआधी लताला इतकं चालवलं, इतक्यांदा तपासलं, की गोरख म्हणाला, टेम्पोच्या पासिंगलाबी एवढं बगत न्हाईत. टाके सुकले, वजन उतरायला लागलं. दर गुरुवारी अश्लेषा मॅडमचा फोन यायचा आणि लता खाल्लेलं-प्यायलेलं सांगायची. बनाबाई लताकडे येऊन कामाला लागली होती, तिने डब्यांचा स्वयंपाकही हातात घेतला होता. अमावास्या येत होत्या आणि जात होत्या. ती पाण्यावर गेली नाही. कुणी विचारलंही नाही.

मग एका दुपारी मी लताचं पातेलं द्यायला गेले. दार उघडं होतं. लता खाटेवर होती, शेजारी घमेलं. दहा-बारा दिवस उलट्या होत होत्या आणि तिने मॅडमच्या फोनवरही ते लपवलं होतं. आईला उगाच भीती नको म्हणून, असं नंतर सांगितलं. माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला, ती बघत होती. डोळे ठरत नव्हते.

"हौसा आली बघ आई," ती म्हणाली. "आज आत येती का ती बघ."

 मी उंबऱ्यातच उभी होते, आणि मला मागे वळून बघवेना.

बनाबाई देवळीपाशी उभी होती. तिच्या एका हातात नारळ होता. भगताकडे जाताना नारळ आधी उचलतात. तिचा हात आपसूक तिथे गेला असणार. दुसऱ्या हातात लताचा मोबाईल होता. ती दोन्हींकडे बघत होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तिने नारळ देवळीत ठेवला, तोही नीट, शेंडी देवाकडे करून, आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

"बाई, नंबर लावा. मला दिसत न्हाई."

मी लावला. बोलायला लागले तर तिने तो माझ्या हातातून घेतला.

"लताची आई बोलती. उलट्या हायेत. भिंत धरून चालती. डोळं ठरत न्हाईत, आन दाराकडं बघून बहिनीला बोलावती. बाकीचं मागनं इचारा, आदी सुईचं बघा."

अश्लेषा मॅडमने तिकडूनच आमच्या भोरच्या डॉक्टरांना फोन केला. पहिलं इंजेक्शन त्यांनी दिलं, मग मी गाडी पुण्याला हाणली. बनाबाई मागे लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शिवऱ्याला तिने लताच्या डोळ्यांवर हात ठेवला. पाटी दिसू नये म्हणून असेल. काही दिवसांत लता सावरली. सुरुवातच होती, वेळेत आणलंत, असं डॉक्टर प्रद्युम्न म्हणाले. बनाबाईने मान हलवली आणि खोलीबाहेर जाऊन बसली. मी गेले तर तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. एक लेक वाचली म्हणून, की दुसरीही अशीच वाचली असती म्हणून, हे मी विचारलं नाही.

लता घरी आली, चालती-फिरती झाली. एकदा कोथिंबीर निवडता निवडता मला म्हणाली, "सुईनं बाकीचं समदं ग्येलं काकू. ती न्हाई ग्येली. अजून दिसती."

श्रावण सरताना बनाबाई म्हणाली, मला पाण्यावर न्या. मी, लता, ती, अशा तिघी हिर्डोशीला गेलो. पाऊस नव्हता, नाचणी हिरवीगार उभी होती. उतारावरून लता स्वतःच्या पायांनी खाली आली, कुणाला न धरता. दोन वर्षांपूर्वी ती या रस्त्यावर गाडीतून उतरलीही नसती.

बनाबाईने हळद-कुंकू वाहिलं, दहीभात ठेवला, सात बांगड्या एकेक करून पाण्यात सोडल्या. मग कान धरले. पंचाहत्तरीच्या बाईने लहान मुलासारखे कान धरलेले मी प्रथमच पाहिले.

"आयांनो, तुमच्यावर आळ घेतला," ती पाण्याला म्हणाली. "तुमी न्हाई नेली माझी पोर. चुकलं माझं. माफी करा."

मला वाटलं आता उठेल. ती उठली नाही. आठवी बांगडी तिच्या हातात होती आणि ती कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं.

"आतापातुर ठावं हुतं, हौसा कुठं हाय ते," ती म्हणाली. "वाटायचं, हितं हाय, सातजनींत हाय, एकटी न्हाई. आता ती हितं न्हाई. मंग कुठं हाय गं?"

 लता आईजवळ खाली बसली. गुडघे दुमडून तिला बसता येतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"लते, तुला दिसती न्हवं ती?"

"दिसती."

"कुठं हुबी ऱ्हाती?"

"दारात. आत येत न्हाई."

बनाबाईने बांगडी पदराच्या टोकात बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली. "मंग मी आता तुझ्याकडंच ऱ्हाते," ती म्हणाली.

तेव्हापासून बनाबाई माझ्या शेजारी राहते. डब्यांचं उरकलं की दुपारी दाराकडे तोंड करून बसते, पदराची गाठ चाचपत, आणि दार लावू देत नाही. गोरख कुरकुरतो, कुत्री येतात म्हणतो. मी असलं काही मानत नाही, हे मी आधीच सांगितलंय. पण त्यांच्याकडे गेले की आता मी उंबऱ्यात उभी राहत नाही. थोडी जागा सोडून, बाजूने आत जाते.